आठवी खुंटी

तंबूसोबत आठ खुंट्या आल्या होत्या.
सात उरल्या. आठवी म्हणजे कॉलचा स्क्रूड्रायव्हर,
पिवळ्या मुठीचा, त्या कोपऱ्यात ठोकलेला
जिकडून वारा येत नाही असं आम्ही ठरवून टाकलंय.

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात.
आमचं चार चाकांवर,
त्यातलं मागचं डावं गुळगुळीत.
द्राक्षांचे पैसे आले की नवं घेऊ,
नाहीतर संत्र्यांचे.
संत्र्यांचे आले तेव्हा जोरीची दाढ दुखली.

मरे नदीच्या काठाने
आम्ही पिकणाऱ्या फळांच्या मागे मागे जातो:
लॉक्सटन, बेरी, रेनमार्क.
रेड गमच्या झाडाखाली तंबू लावायचा नाही,
फांदी न सांगता पडते.
तरणतलावावर दोन डॉलरच्या नाण्यात
सहा मिनिटं गरम पाणी. माणशी दीड.
कॉलच्या डोक्याला साबण लागतो न लागतो
तोच बाहेरून मुलं ओरडतात, "झालं?"

बेकरीत पाच वाजता पाव निम्म्या किमतीला,
सव्वापाचला फुकट.
मधली पंधरा मिनिटं आम्ही समोरच्या दुकानाच्या काचेतून
बूट बघत उभे राहतो, घेणाऱ्यांसारखे.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, कबूल.
पण माझा नवरा सहा फूट दोन इंच.
त्याची पावलं रात्रभर तंबूच्या चेनबाहेर.
सकाळी मोज्यांवर दंव,
एकदा एक बेडूक.

शाळेचं काय, लोक विचारतात.
टॅमसिनचे भागाकार पेट्रोलचे असतात.
जोरीला अक्षरांत आधी ई आलं, मग एफ,
इंधनाच्या काट्याच्या दोन टोकांची.
ए नंतर भेटलं.

त्या रात्री रेंजरची बॅटरी तंबूभर फिरली.
पाटी दिसली नाही का, त्याने विचारलं.
दिसली होती.
मग अंधारात अर्ध्या तासात सगळं गुंडाळलं,
गाडीत किटली इकडून तिकडे गडगडत राहिली,
आणि जोरी झोपल्याचं सोंग करत होता,
ते मला आरशात दिसत होतं.
वहीत मी त्या दिवसाचं फक्त पेट्रोल लिहिलं.

पुढच्या मुक्कामाला लीथ पॅस्को.
आमच्या सबंध वर्षाहून महाग कॅरव्हॅन,
वर डिश, आत फ्रीज, फ्रीजमध्ये चार अंडी.
दुपारभर उन्हात खुर्ची टाकून बसायचा.
कापडी छत असूनही?
"ते उघडायला दोघं लागतात," म्हणाला,
"एकाने दांडी धरायची, दुसऱ्याने ओढायचं.
नोरीन ओढायची."

कॉलने दांडी धरली. मी ओढलं.
पांढऱ्या-निळ्या पट्ट्यांचं केवढं कापड!
टॅमसिनला आत पाऊल टाकताना
चप्पल काढाविशी वाटली.
नऊ दिवस रोज सकाळी आम्ही ते उघडलं,
वारा वाढला की मिटलं.
तो मुलांना पत्ते शिकवायचा, लबाडीसकट,
आणि जोरी हरला की माझ्याकडे बघायचा,
रागावले का ते पाहायला.
पैसे देऊ केले त्याने. घेतले नाहीत.
अंडी घेतली.

मग बदामाच्या बागेतून निरोप आला
आणि आम्ही पहाटे निघालो.
तो उठला नाही, किंवा उठून आतच राहिला.

संध्याकाळी दीडशे किलोमीटरवर
पिशवी उलटी केली, सवयीने मोजल्या.
आठ.
मोजल्या पुन्हा.
एक जाड, पोलादी, वळलेल्या डोक्याची,
तिला लाल लोकर बांधलेली,
रात्री कुणी अडखळू नये म्हणून
बायका बांधतात तशी.

छताच्या चार कोपऱ्यांना चार होत्या त्याच्या.
मी काही बोलले नाही. कॉलही नाही.
त्याने ती ठोकली वाऱ्याच्याच बाजूला,
आणि स्क्रूड्रायव्हर पुसून
हत्यारांच्या पेटीत ठेवायला गेला.

झाकण लागेना.
इतके महिने तंबू ओढून धरताना
तो वाकला होता.