चौथा आरा

जेल थापून, प्लास्टिक गुंडाळून
वीस मिनिटं नुसतं बसायचं.
इराण्णा चहा सांगतो कन्नडात,
पोऱ्या शिव्या खातो मराठीत,
उद्यमबागेत लेथ चालूच.

मग रंगाला फोड येतात.
वरचा काळा सालीसारखा निघतो,
खाली सोनेरी, कुणाच्या तरी हौसेचा,
त्याखाली कंपनीचा राखाडी, चिवट,
नटांच्या भोकांत दडून बसलेला.
‘तारेचा ब्रश नको,’ बाळू कंग्राळकर म्हणतात,
‘लाकडाची पट्टी घे. घाई कुणाला आहे?’
माझ्या हातमोज्याला भोक आहे.
थेंब मनगटावर आला की कळतं.

चौथ्या आऱ्याच्या मुळाशी
पुटी निघाली. बोटभर.
पुटीखाली भेग, केसाएवढी,
नख अडकलं तेव्हा दिसली.

निपाणीला फोन लावला.
‘मारा की रंग, गाडी विकायचीच आहे.’

बाळूमामांनी फोन खिशात टाकला,
अंगठा भेगेवरून दोनदा फिरवला,
जसा तापलेल्या पोराच्या कपाळावरून.
प्राइमरचा डबा मी उघडला होता.
‘झाक तो,’ म्हणाले.

शटर ओढताना पाहिलं:
चाक भिंतीला टेकवलेलं,
उघडं, पांढरंफटक,
भेग रस्त्याकडे.