भोक न पाडता

हुडगे मॅडमचं काचघर लातुरात, गच्चीवर.
बारा बाय दहा, उतार पश्चिमेकडं.
मीच जोडलेलं, सहा वर्षं झाली,
दीड इंची चौकोनी नळी, सोळा गेज,
आणि वर काच, जी एका कोपऱ्याला दुखावली
की सगळीच्या सगळी साबुदाणा होते.

वायरमननं दिलेला कागद पुढ्यात घेऊन बसल्या होत्या.
आठ दिवे, छपराच्या नळ्यांना,
प्रत्येकाला दोन भोकं, शिवाय वायरीची वेगळी.
"एवढ्याशा भोकानं काय होतंय हो?
आणि दिवा तरी केवढा, पावशेरसुद्धा नसेल."

मॅडम, भोक म्हणजे वजाबाकी, दिवा म्हणजे बेरीज,
छपराला दोन्ही हिशेब एकदमच द्यावे लागतात.
नळीवर भार आला की पाठ दबते, पोट ताणतं,
आणि ड्रिल लागतं नेमकं पोटाला,
मधोमध, जिथं ताण सगळ्यात जास्त,
कारण दिवा तिथंच शोभतो.
मग भोकातून पाणी आत. नळीला आतून गंज.
बाहेरून रंग मात्र नव्या सायकलीसारखा.
वैशाखात वावधान सुटलं की कळतं
कुणी कुठं काय कोरलं होतं.

बब्रुवान गालात हसला.
त्याला वाटलं, उस्ताद दर वाढवायलाय.

खरं तर मी दुसऱ्याच छपराबद्दल बोलत होतो.
आमच्या गावात सगळ्यांचं धाबं,
दगडाच्या भिंती, लाकडी सरे, वर माती.
गळलं की बाप पांढरीची एक पाटी टाकायचा,
दरसाल एक, कधी दोन.
त्याच्या आधी त्याचा बाप.
कुणी मोजलं नाही. पाटीचं काय वजन असतं?
त्र्याण्णवच्या त्या पहाटे सगळं एकदम मोजलं गेलं.
मी सात वर्षांचा. गणपती बुडवून दमून आलेलो,
अंगणातल्या बाजेवरच झोप लागली होती,
उचलून आत न्यायचं राहून गेलं.

हे मॅडमला सांगितलं नाही.
त्यांनी दिव्यांबद्दल विचारलं होतं.

मी म्हणालो, उजेड पाहिजे कशाला?
त्यांनी कोपऱ्यातलं निवडुंग दाखवलं.
वर्षातून एकदा, रात्री अकराच्या सुमाराला उघडतं,
उजाडायच्या आत मान टाकतं.
"चौतीस वर्षं फळ्यावर काढलं हे फूल,
पुंकेसर, कुक्षी, सगळं नावानिशी.
समोर बसून एकदाही नाही काढलं.
मोबाइलच्या उजेडात रेघ थरथरते."

अहो, मग आठ कशाला?

तीनच केले, तेही खालून.
कमरेएवढे खांब, सिमेंट भरलेल्या कुंड्यांत रोवलेले,
ना काचेला हात, ना नळीला.
वायर भिंतीच्या कडेनं, फरशीपासून दोन हात वर,
आणि झारी सांडली तर माणसाआधी पडेल
असा वेगळा ब्रेकर.
दिव्यांची तोंडं वर, पानांत.
"उजेड वरूनच यायला पाहिजे ना पण?"
सूर्याचं ठीक आहे मॅडम,
तो कुणाच्या छपराला टांगलेला नाही.

अंधार पडल्यावर बब्रुवाननं बटण दाबलं.
काच काळी होती, ती आरसा झाली.
वर दुसरं काचघर उलटं लटकलं,
कुंड्या, झारी, मॅडमचा चष्मा, आम्ही दोघं,
सगळंच्या सगळं टांगलेलं,
आणि नळ्यांना पत्ता नाही.
मी सवयीनं मोजल्या. सात. साती सरळ.
कुठल्याही घरात शिरलो की आधी वर बघतो मी,
बायको म्हणते, पाहुण्यांना वाटतं जाळी शोधायलाय.

कळी मिटलेलीच होती. परवा, नाहीतर तेरवा, म्हणाल्या.
तरी पेन्सिलीला टोक काढत बसल्या.

वायरमननं आणून ठेवलेले सोळा स्क्रू
पुडीसकट माझ्या हातात दिले. "तुम्हाला लागतील कुठं तरी."
शर्टाच्या खिशात टाकले.
औशापर्यंत प्रत्येक खड्ड्याला
वाजत आले.