कप्पी

विहिरीवर पंप बसला त्या वर्षी काढून ठेवलेली कप्पी
गॅरेजात सापडली, वर्तमानपत्रात गुंडाळलेली.
म्हटलं, पाणी नाही तर नाही,
हिला होडी ओढायला लावू.

होडी म्हणजे कयाक. नारिंगी, दहा फुटी,
वजन सव्वीस किलो,
आणि माझा उजवा खांदा डॉक्टरांच्या मते
माझ्या आधीच निवृत्त झालेला.
खाली ठेवायची कुठे?
व्हॅन, व्हॅनच्या पलीकडे स्कूटर,
नारळांचा ढीग,
मुलानं दोन महिने वापरलेली चालायची मशीन.
घरपट्टी न लागणारी एकच जागा उरली होती,
ती वर.

मिंगेल मेस्तानं माट्टीचे वासे मुठीनं ठोकून पाहिले,
वैद्य पाठ ठोकतो तसे.
म्हणाला, टोकांना बांधू नकोस.
टोकांना बांधलेली होडी उन्हाळ्यात मधे बसते,
प्लास्टिकलाही कंबर असते.
रुंद पट्टे घे, दोन,
पोटाखालून.

कुमुदिनी दारात उभी, हात ओले.
"लोक चवथीला गणपतीच्या डोक्यावर माटोळी बांधतात,
तुम्ही व्हॅनच्या डोक्यावर होडी."
मिंगेल हसला.
मी दोर ओवत होतो.

पहिल्या ओढीला नाक वर गेलं, शेपूट जमिनीवरच.
दुसऱ्या ओढीला आतून कुठूनतरी
कालची जुवारी आली, पेलाभर,
आणि नखाएवढी एक कुर्ली
टपकन काचेवर पडून
आडवी चालत वायपरखाली गेली.

तेव्हा कुमुदिनीनं गाऊनला हात पुसले.
"झटके देऊ नका. अर्ध्यावर झटका दिला
की घागर काठावर आपटते."
आणि दोर घेतला.
हातावर हात, हातावर हात,
न थांबता, वर न बघता.
एकोणीस वर्षं रोज सकाळी
मी अंगणात दात घासत असताना
हे माझ्या पाठीमागे चाललेलं होतं.
कप्पी थोडी कुरकुरली,
मग ओळख पटल्यासारखी गप्प झाली.
होडी सपाट वर गेली.
खुंटीला गाठ तिनंच मारली.

रात्री दिवा लावून मी खाली उभा राहिलो.
होडीचं पोट असं खालून कधी पाहिलं नव्हतं.
दुर्भाटच्या धक्क्याचे ओरखडे,
शिंपल्यांनी ओढलेल्या रेघा.
म्हणजे माशांना आपण असे दिसतो,
एक लांबट सावली, जिला तोंड नाही.
व्हॅन तळाशी बसली होती
गाळात रुतलेल्या खनिजाच्या बार्जसारखी.
मी उगाच श्वास धरला होता.

पावसाचे चार महिने होडी तशीच.
मधे एकदा शिडी हलवलेली दिसली,
मी काही विचारलं नाही.

ऑक्टोबरात गाठ सोडायला गेलो.
नख मोडलं. पक्कड आणली.
शेवटी हाक मारली.
ती आली, दोराचं एक टोक
जिकडे ओढावं असं मला वाटलं नव्हतं तिकडे ओढलं,
आणि गाठ नव्हतीच जणू.
मी म्हटलं, सोड आता.
"उतरवताना दोर सोडायचा नसतो," ती म्हणाली,
"द्यायचा असतो."
आणि देत राहिली, वीतवीत,
होडी माझ्या छातीपर्यंत येईतो.

आत, बसायच्या जागी, पिशवी होती सोलांची.
"उंदीर तिथवर पोचत नाहीत," ती म्हणाली,
एवढंच.
पिशवी पाझरली होती.

धक्क्यावर मिंगेल भेटला.
विचारलं, विजारीला मागे काय लागलंय जांभळं?
मी सांगितलं.
तो हसत राहिला, मी वल्हं मारत राहिलो,
ओहोटी होती, भर उन्हात आंबट वास येत होता.

कयाक एकाच माणसाची आहे,
असं दुकानदार म्हणाला होता.