हातचा

निरोपाच्या दिवशी शाल, नारळ
आणि भिंतीवरचं एक घड्याळ मिळालं, सेलशिवाय.
छत्तीस वर्षांत काय शिकलात बहनजी,
नव्या मुख्याध्यापकांनी माइकवरून विचारलं.
मी म्हटलं, पावसाळ्यात खडू कपाटात ठेवू नये,
चुलीच्या बाजूला ठेवावा.
सगळे हसले.
मला हसवायचं नव्हतं.

परदेशीपुऱ्यातली शाळा. वर पत्रे.
दोन खोल्यांत पाच वर्ग.
घड्याळ नव्हतं तेव्हा, मिलचा भोंगा होता.
भोंगा झाला की दारालगतची चार पोरं उठून धावत सुटायची.
वर्षभर मी त्यांना पळपुटे म्हणत राहिले.
बापाचा डबा पोचवून परत येतात
हे कळलं वहीवरच्या डाळीच्या डागावरून.
त्या डागालाही मी आधी लाल शाईने गोल केला होता.

शिकवायचे मी हिंदीत.
मनातला हिशेब मराठीत चालायचा,
रामबागेत वडिलांसमोर बसून घोकलेला,
पावकी, निमकी, अडीचकी.
फळ्याशी तोंडाने म्हणायचे, हासिल एक,
आणि आत आपोआप: हातचा एक.
एकाच आकड्याची दोन नावं, एवढंच वाटायचं.
हासिल म्हणजे मिळालं.
हातचा म्हणजे
अजून मिळवायचा राहिलाय, विसरू नकोस.

सुखनंदन कोरी. तिसरीतला. बाप साच्यावर.
बेरीज करताना तो पेरांवरून अंगठा फिरवायचा,
बाप तुटलेले धागे मोजतो तसा,
आणि हातचा आला की करंगळी दुमडून धरायचा.
उत्तर बरोबर. रीत नाही.
मी रीतीला शून्य दिलं.
म्हटलं, हात पाठीमागे बांध, आता कर.
त्यानं केलं. चुकलं.
वर्गाकडे वळून मी म्हणाले, बघा.

काय बघायचं होतं
ते अजून मला सांगता येत नाही.
हातचा, हातचा म्हणत जन्म गेला माझा,
त्या पोरानं तो खरोखर हातात धरला होता.

मग एका सकाळी भोंगा झाला नाही.
दुसऱ्या दिवशीही नाही.
हजेरीत आधी गैरहजेरीचे ठिपके, मग आडव्या रेघा.
रेघ मीच ओढायची, पट्टी लावून, सरळ.
साठांतून बावीस गेले.
वजाबाकी माझी कधी चुकली नव्हती.
कोणी इटाव्याकडे परतलं, कोणी पोह्यांच्या ठेल्यावर
बशा विसळायला लागलं,
कोणी काही सांगितलंच नाही.
सुखनंदनच्या नावावर शाई फुटली.
निब खराब होती
असं मी पुष्कळ वर्षं म्हणत आले.

सासरे म्हणायचे, माणसानं हातचा राखून वागावं.
मी तशीच शिकवत गेले.
शाबासकी अर्धी, पाठीवरचा हात आखडता,
डोक्यावर चढू नयेत म्हणून.
राहिलेलं पुढच्या घरात मिळवू, असं धरून चालले,
एककानंतर दशक येतंच, त्या हिशेबानं.
बावीस जणांचं दशकाचं घर
माझ्या वहीत आलंच नाही.

नंतरचीही वर्षं होती. चांगली होती.
कोणी बँकेत लागलं, कोणी लग्नाची पत्रिका घेऊन आलं,
एकीनं सराफ्यात रात्री अकराला मला ओळखून
गराडूची प्लेट बळेबळे हातात दिली.
तिचं नाव मला आठवलं नाही, तिला माझा पाढा आठवत होता.
ते सगळं खरं आहे.
बेरजेत धरलंय.

आता महिन्याच्या एक तारखेला दूधवाला दारात उभा राहतो.
सूनबाई मोबाइलवर आकडा काढते, तो बरोबरच असतो.
मी तरी पेरांवरून अंगठा फिरवते,
दोन दिवस खाडे, पाच दिवस अर्धा लिटर जादा,
आणि करंगळी दुमडते.
ती तशीच राहते.
अम्माजी, हो गया? तो विचारतो.
थांब बाबा, मी म्हणते,
चक्क मराठीत,
हातचा आहे अजून.