दर सेकंदाला

शटर अर्धं ओढलं की माझं झेरॉक्सचं दुकान स्टुडिओ होतं.
दोन गाद्या भिंतीला, एक दाराला,
लॅमिनेशनच्या मशीनवर गोधडी.
पलीकडच्या बर्फाच्या कारखान्याचं मात्र काही करता येत नाही,
हर्णैच्या प्रत्येक रेकॉर्डिंगमध्ये तो खर्जात असतोच.

लवू घडशी खुर्चीत बसत नाहीत.
कागदाच्या रिमांच्या थप्पीवर बसून
सनईची पत्ती ओठांत भिजवत राहतात,
आणि मी त्या उघड्या यादीसमोर अडकलेला:
चव्वेचाळीस हजार शंभर,
अठ्ठेचाळीस हजार,
अठ्ठ्याऐंशी, शहाण्णव,
आणि तळाला एक लाख ब्याण्णव हजार,
जो आकडा नुसता बघून लॅपटॉपचा पंखा घरघरतो.

"काय इचारतोय त्यो?"
विचारतोय, एका सेकंदात तुम्हाला किती वेळा ऐकू.
"येकदाच आयक. पन नीट."

मी सांगतो, माणसाच्या कानाला वीस हजारापर्यंत कळतं,
त्याच्या दुप्पट घेतलं की पुरतं, वर थोडी मोकळीक.
"आनि त्याच्या वरचं?"
वरचं वटवाघळांना. नाहीतर तुमच्या काळ्या कुत्र्याला.

आधारकार्डाची प्रत न्यायला
शटरखालून वाकून आलेली सुग्राबी,
निम्मं आयुष्य जाळी शिवण्यात गेलेली, म्हणते,
बारीक आसाचं लावलंस तर
मासळी यायची तेवढीच येणार, चिखल जास्त.

मला पटतं.
तरी बोट शहाण्णववर रेंगाळतंच.
पण डिस्कवर जागा कुठाय?
गावभरचे पासपोर्ट फोटो आहेत तिथे, निळ्या पडद्यासमोरचे,
त्यातले काही गेले,
पुसवत नाहीत.

चव्वेचाळीस घेतलं.
सहाणेवरून पालखी उठते तेव्हाचं वाजवलं लवूंनी.
मागे सूर धरायचा तो पुतण्या लोट्याच्या कंपनीत, रात्रपाळीला,
त्यामुळे सूर कारखान्यानेच धरला.

आणि परत लावलं तर,
स्पीकरचं सेटिंग राहिलेलं अठ्ठेचाळीसवर,
परवाच्या कुणाच्या लग्नाच्या व्हिडिओपासून.
दोन घड्याळं जुळली नाहीत.
सनई जवळजवळ दीड पट्टी चढून, घाईघाईत बाहेर आली.
मी माउसकडे हात नेला.

"थांब."
लवू उभे राहिले होते.
"ह्यो मी न्हाय.
ह्यो आमचा भागोजी."

भागोजी थोरला. त्याची सनई बोटभर आखूड,
वाजवायचा असा की पालखीखालच्यांना पळावं लागायचं.
तो गेला त्या साली हर्णैत टेपरेकॉर्डर एकच,
कस्टमच्या साहेबाकडे,
आणि साहेबाला सनईची आवड नव्हती.

चूक आहे ही, मी म्हणणार होतो,
यादीत एक ओळ वर सरकलो की जाईल.
तीनदा लावलं.
तिसऱ्यांदा लवूंची बोटं मांडीवर चालत होती,
नसलेल्या भोकांवर, 
मागे पडत, पुन्हा गाठत.

मग सगळं अठ्ठेचाळीसवर आणलं.
दापोलीचा व्हिडिओवाला तेच मागतो, त्यात कसला वाद.
पुन्हा वाजवून घेतलं, चांगलं आलं,
पहिल्यापेक्षा चांगलं.
लवूंनी ऐकून मान हलवली,
लोक स्वतःच्या पासपोर्ट फोटोला हलवतात तशी.

निघताना दारात थांबले. "त्याचा नंबर कुटला?"
पावतीच्या पाठीवर लिहून दिलं:
चव्वेचाळीस शंभरवर भरलेलं,
अठ्ठेचाळीसवर वाजवायचं.
घडी करून त्यांनी ती पत्त्यांच्या डबीत ठेवली.

फाइलला नाव सुचत नाही, अजून ती 'चुकीची १' आहे.
कधी दुपारी गिऱ्हाईक नसलं की लावतो.
तिच्यात बर्फाचा कारखानाही दीड पट्टी वर लागलाय,
आणि भागोजीच्या वेळी
तो उभासुद्धा नव्हता.