दुसऱ्या मंगळवारचा बेत

सप्टेंबरातला दुसरा मंगळवार, असं ठरलंय.
औषधाच्या बिलामागे नुक्रीनं लिहिलंय:
सहाला निघणे. सहाखाली दोन रेघा.
बावीस वर्षं आमचे सहा
तंदूरच्या तोंडाशी वाजतात.
हे पहिलेच सहा, रस्त्यावरचे.

पसानाउरीच्या वळणावर आमची भट्टी.
वर जाणाऱ्या गाड्या थांबतात,
होडीसारखी गरम शोती काखोटीला मारतात
आणि विचारतात, त्रुसोचं खोरं कुठे?
नुक्री पिठाचा हात हवेत उचलतो:
घाट चढा, खिंड ओलांडा,
कोबी यायच्या जरा आधी डावीकडे.
पाणी तांबडं दिसेल, भिऊ नका, लोखंड आहे त्यात.
तळं उकळताना दिसेल, खुशाल हात घाला, गार आहे.
इतकं बिनचूक
की परतताना काहीजण मुद्दाम थांबून आभार मानतात.
आत मी कणीक तिंबत असते
आणि मान वर करत नाही.
आम्ही दोघांनीही ते खोरं पाहिलेलं नाही.

पन्नास किलोमीटर. फक्त.

घोडं अडलं ते विस्तवापाशी.
तंदूर थंड पडू द्यायचा नाही, हा सासऱ्यांचा नियम;
त्यांना पुरून आलो त्या संध्याकाळीही
आधी निखारे उकरले, मग रडलो.
म्हणून एतेरीच्या बाद्रीला शिकवतोय आठवडाभर.
पोरगा वाकतो, भिंतीला पोळी थापतो,
पोळी क्षणभर विचार करते आणि राखेत उडी घेते.
नुक्री म्हणतो, जमेल.
मी म्हणते, एतेरीला सांग,
मंगळवारी गावानं भात खावा.

गाडी गुरामची. दुसरा गिअर हातानं धरून ठेवावा लागतो,
ते काम माझं.
गुडघ्याला बांधायची पट्टी. ओळखपत्रं,
किल्ल्यापुढे सैनिक बसतात म्हणे.
चीज, काकड्या, कागदात मीठ,
आलुबुखाऱ्याची आंबट चटणी, झाकण घट्ट लावून.
आणि पाव?
इथे आमचं भांडण झालं, चांगलं तासभर.
तो म्हणाला, एक दिवस मला पावाचं तोंड बघायचं नाही.
मी म्हणाले, मग चीज काय दगडावर ठेवून खाणार?
शेवटी त्यानंच तोडगा काढला:
घेऊ, पण दुसऱ्या कोणाच्या भट्टीतला.
बावीस वर्षांत विकतचा पाव!
मी हसत राहिले, तो गंभीर.

बिलाची पुढची बाजू मी उलटून बघत नाही.
थेंबांची नावं पाठ आहेत मला,
सकाळी दोन, रात्री दोन, डाव्यात जास्त.
तिबिलिसीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
आगीपासून लांब राहा.
हा म्हणाला, बरं,
आणि घरी येऊन कॅलेंडर काढलं.

काल रात्री दिवा मालवल्यावर
अंधारातून म्हणाला, त्सियाला,
आणि पाणी तांबडं नसलं तर?
असेल की.
डावीकडचं वळण नसलंच तर?
इतके लोक पोचले ना तुझ्या सांगण्यावरून.
जे पोचले नाहीत, म्हणाला,
ते कशाला आभार मानायला थांबतील?
मला उत्तर सुचलं नाही.
त्याच्या बोटांना पिठाचा वास येत होता,
घासून धुतली तरी येतो.

आज दुपारी एक जोडपं आलं, सायकलींवर,
उन्हानं नाकं सोललेली.
त्रुसोचं खोरं कुठे, त्यांनी विचारलं.
सवयीनं हात वर गेला त्याचा,
पीठ भुरभुरलं,
आणि तो तसाच थांबला.
बुधवारी या, म्हणाला, मग सांगतो.
ती दोघं हसली, दोन शोती घेतल्या
आणि वरच्या दिशेनं निघूनही गेली.

मागे बाद्रीनं आणखी एक पोळी राखेत घालवली.
नुक्रीनं ती चिमट्यानं काढली, झटकली,
मोडून अर्धी मला दिली.
करपली होती. खाल्ली आम्ही.