तीन चांदण्या

शुक्रवारी खेळ नाही, बोर्डावर खडूनं लिहिलेलं असे.
शनिवारी तिकीट हाली आठ आणे,
वेळ मात्र छापलेली नसे.
वाक्रूळकर मालक म्हणत,
तीन चांदण्या दिसू द्या, मग नांदी.

मग अख्खा जालन्याचा मोंढा मान वर करून.
हमाल, अडते, जिनिंगच्या बाया,
फुकट पासवाला निजामाचा हवालदार.
"एक दिसली."
"तो शुक्र. तो धरायचा नाही."

अब्बा पेट्रोमॅक्सला पंप मारून तयार.
आदल्या रात्री बिऱ्हाडातली बत्तीही तेच लावून येत,
कुणी न सांगता;
सांगणंही त्या दिवशी चालत नसे.

एस्तेर राणी म्हणजे शिमशोन तळकर,
तासून तासून निळी पडलेली हनुवटी.
भीमपलासात रडला की
अडते उपरण्यात नाक शिंकरत.
हामानाचं नाव निघालं की आम्ही पोरं
पत्रे बडवायचो. मालकांनीच शिकवलेलं.

एका वर्षी कंपनी आली नाही.
पडदे मनमाडला लिलावात गेले म्हणे,
माणसं बोटीनं.

दिमोनाहून तळकरांचं पत्र आलं, मराठीत:
इथं वाळू. कापडगिरणीत लागलोय.
पुरीमला खेळ केला, गादीच्या खोळींचा पडदा.
पेटी नव्हती, तोंडानंच सूर धरला.
नातवंडं भलतीकडंच हसली.
आणि इथं बापाला अब्बाच म्हणतात, भाई.
कुणाचंही पोरगं हाक मारतं,
मी वळून बघतो, तू बत्ती घेऊन आलास का.

अब्बांना वाचता येत नव्हतं. मी वाचून दाखवलं.
पुष्कळ वेळानं म्हणाले,
खेळाची वेळ लिहिलीय का?